पालखीच्या यादीची पुरवणी

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण माणसांना सोडून एखाद्या फायलीवर चार-चार महिने चिडून राहता येतं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. त्यातून ती फाईल मीच बनवलेली, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे?

मी रत्नागिरीत एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आमच्या लॅबमधली यंत्रं जुनी आहेत आणि त्यांवर सगळं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं. म्हणजे फुकट मिळणारं, ज्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं आणि अक्कल असेल त्याला बदलताही येतं. मुलांना हे सांगताना मला दरवर्षी उत्साह यायचा. नाही आवडलं तर बदला, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. स्वतः मात्र इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. बदलायची वेळ आणली आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी.

माझं सासर रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. गावात शिमग्याचा होम झाला की दुसऱ्या दिवसापासून ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघते. एका दिवशी एक वाडी, आणि वाडीत घरं मानाच्या क्रमाने. हा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे आणि त्यात एक घर मागेपुढे झालं तर पुढचा शिमगा येईपर्यंत लोक बोलायचे थांबत नाहीत. ह्या सगळ्याची यादी भावोजींकडे. आधी ती एका लांबुडक्या वहीत असायची, मग माझ्याच सांगण्यावरून त्यांनी ती कॉम्प्युटरच्या तक्त्यात घातली. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात वाडी, आणि पुढे घरं.

ही यादी फक्त एकाच कारणाने हलते: सोयर किंवा सुतक. भावकीत कुणी जन्माला आलं किंवा कुणी गेलं, मग ते मुंबईत का असेना, की त्या भावकीची सगळी घरं मागे ठेवावी लागतात. मागची पुढे येतात, वेळा बदलतात, आणि मग मुंबईहून फोनवर फोन येतात की आमच्याकडे नक्की कधी? एका वर्षी ऐन शिमग्यात तीन भावक्यांना सुतक आलं आणि भावोजी तीन दिवस जेवताना सुद्धा यादीच लिहीत होते. ते बघून मी बोलून गेले की मी एक बटण करून देते. ज्या घराला सुतक असेल तिथे खूण करायची, बटण दाबायचं, यादी आपोआप सरकेल.

"कर तर," भावोजी म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले. आपण काय मागितलं हे त्यांना माहीत नव्हतं. आपण काय कबूल केलं हे मलाही माहीत नव्हतं.

अशा सॉफ्टवेअरला बाहेरून जे जोडतात त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. मी मास्तरीण, म्हणून मी त्याला पुरवणी म्हणते. मूळ उत्तरपत्रिका छापून आलेली असते, तिला हात लावायचा नाही; आपलं जे जास्तीचं असेल ते वेगळ्या कागदावर लिहायचं आणि दोऱ्याने बांधायचं. कल्पना इतकी साधी आहे. पण तो दोरा कुठे मिळतो हे मला कुणी धड सांगेना.

यादी सरकवण्याचं मुख्य लिखाण मी दोन रविवारांत संपवलं होतं. ते मूळ सॉफ्टवेअरला बांधण्यात अख्खा पावसाळा गेला. पुरवणी म्हणजे आतून एक गाठोडं असतं. त्यात आपलं लिखाण, आणि बरोबर दोन-तीन चिठ्ठ्या: गाठोड्यात काय काय आहे, ते कुठे ठेवायचं, मूळ सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती लागेल. ह्या चिठ्ठ्यांत एक तिरकी रेघ इकडची तिकडे झाली की पडद्यावर एवढंच यायचं की काहीतरी चुकलं आहे. काय, कुठे, कशामुळे, ते नाही. मी मुलांच्या पेपरवर नुसतं 'चूक' लिहून सोडलं असतं तर पालक शाळेत आले असते. माहिती शोधायला जावं तर तीन ठिकाणी तीन प्रकारची. पहिलीत सांगितलेलं दुसरीने रद्द केलेलं, आणि तिसरी लिहिणारा मधेच कंटाळून निघून गेलेला. मी त्या न पाहिलेल्या माणसांना घरात मोठ्याने शिव्या घालायचे. नवरा स्वयंपाकघरातून विचारायचा, कोण आलंय?

दिवाळीत एकदाचं माझ्या लॅपटॉपवर ते बटण उमटलं. मी ते उगाच पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. मग पेनड्राइव्ह घेऊन गावाला गेले, भावोजींच्या कॉम्प्युटरवर पुरवणी चढवली, आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं. काहीही झालं नाही. माझ्याकडे चालतं, असं मी म्हणाले आणि म्हणताना माझी मलाच लाज वाटली. हे वाक्य मी वर्गात कुणाला उच्चारू देत नाही.

भावोजींच्या यंत्रावर वेगळी आवृत्ती होती. ते सुधारलं तर मुंबईच्या मंडळाकडे आणखी तिसरीच निघाली. त्यांना पुरवणी पाठवायची कशी, हा पुढचा घोळ. मेलने पाठवली तर मेलने संशयास्पद म्हणून परत केली. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर अर्ध्या लोकांनी फोनवरच उघडून पाहिली आणि उघडत नाही असं कळवलं. ज्यांनी कॉम्प्युटरवर उघडली त्यांना सूचना आली की ह्यात काही घातक असू शकतं. मंडळातल्या एका गृहस्थांनी भावोजींना फोन करून विचारलं की तुमच्या भावजयीने व्हायरस तर नाही ना पाठवला? हे भावोजींनी मला चेहऱ्यावरची रेषही न हलू देता सांगितलं. त्यात गावात रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उंच कातळमाळावर. लोक सड्यावर जाऊन एकदा फाईल उतरवून घ्यायचे आणि मी दुरुस्त करून नवीन पाठवली तरी जुनीच वापरायचे. त्या शिमग्यापर्यंत माझ्या पुरवणीच्या चार जाती झाल्या होत्या. त्यातल्या एकीचं नाव कुणीतरी 'नवीन फायनल' असं ठेवलं होतं. ती मी बनवलेलीच नव्हती.

तेव्हा ठरवलं की ही पुरवणी जिथे अशा सगळ्या पुरवण्या ठेवतात त्या संकेतस्थळावर रीतसर ठेवायची. तिथून एकदा घेतली की पुढच्या दुरुस्त्या आपोआप पोचतात. पण तिथे कुणीही काहीही ठेवू शकत नाही. जगभरातले स्वयंसेवक आधी तपासतात. माझी तपासायला जो आला त्याचं फक्त टोपणनाव मला माहीत आहे. त्याने तीन वेळा परत पाठवली. एकदा बटणावरचं चित्र लहान होतं, एकदा वापराच्या परवान्याचा मजकूर नव्हता, आणि तिसऱ्यांदा त्याने विचारलं की ह्या तक्त्यात सुतक नावाचा एक खण आहे तो कशाचा? मी इंग्रजीत तीन परिच्छेद लिहिले. त्यावर त्याचा प्रश्न आला की मरण समजलं, पण बाळ जन्मलं तर आनंदाची गोष्ट आहे, मग देव त्या घरी का येत नाही? मी भलंमोठं उत्तर लिहिलं, पुसलं, आणि शेवटी कळवलं की आमच्याकडे तशी पद्धत आहे. ते त्याला पटलं की तो थकला, माहीत नाही. पुरवणी मंजूर झाली. मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी नववीच्या मुलांना तास सोडून खेळायला पाठवलं. गावाच्या आणि मुंबईच्या ग्रुपवर एकच दुवा टाकला: यापुढे इथूनच घ्या.

मग एक गंमत झाली. आमच्या पालखीशी काही देणंघेणं नसलेली माणसं ती पुरवणी वापरायला लागली. पाळ्या लावायच्या आणि मधेच कुणी गळलं तर पुढच्या सरकवायच्या, हे काम जगात सगळीकडेच असतं म्हणायचं. त्यांचे निरोप यायला लागले. हे का होत नाही, ते का होत नाही. आणि एकाने तर न सांगता एक सुधारणाच लिहून पाठवली. एकाच नावाचे दोन दिवस लागोपाठ आले तर ते चुकून दोनदा लिहिले गेले आहेत असं समजून पुरवणीने ते एक करावेत, अशी. लिखाण नीटनेटकं होतं, पत्र अदबशीर होतं. खरं सांगायचं तर मला मान मिळाल्यासारखं वाटलं. गेल्या वर्षीच्या यादीवर चालवून पाहिलं, सगळं बरोबर आलं. मी आभार मानून ती स्वीकारली आणि नवीन आवृत्ती सोडली. ती आपोआप सगळ्यांकडे पोचली. ज्यासाठी मी इतकी झगडले होते ते वाटप पहिल्यांदाच कुठेही न अडकता झालं.

आता खालच्या वाडीतल्या मुलीबद्दल सांगायला हवं. मुलगी म्हणजे चांगली पस्तिशीची आहे, मुंबईत एका हॉस्पिटलात नर्स आहे, लग्न झालेलं आहे. आई लहानपणीच गेली. वडील गावात एकटे राहायचे आणि आदल्या वर्षीच्या शिमग्याच्या तोंडावर ते गेले, म्हणून त्या वर्षी पालखी त्यांच्याकडे गेली नाही. आता घर बंद. भावकीतले काही जण म्हणायला लागले की मुलगी दुसऱ्या घरची झाली, तेव्हा हे घर यादीतून काढावं. ती भावोजींकडे आली आणि म्हणाली की माझ्या बाबांचं घर काढू नका, मी येईन. भावोजींनी सगळ्यांसमोर निवाडा दिला.

"पालखी दारात येल तवा दार उघडा आसला म्हंजे झाला," ते म्हणाले. "बंद आसला तर नाव काढायचा."

तिने ते मान्य केलं. जाताना माझ्याकडे आली. नर्सच्या नोकरीत शिमग्याला रजा मिळणं किती कठीण असतं हे तिने मला सांगितलं. तिघीजणींशी ड्युटी बदलून तिला दीड दिवस मिळणार होता. म्हणून तिला तारीख पक्की हवी होती.

"काकी, नक्की ना?" तिने विचारलं.

मी पुरवणीचं बटण दाबलं, यादी काढली आणि तिला खालच्या वाडीची तारीख सांगितली. नक्की, असंही म्हणाले. तिने ती तारीख हाताच्या तळव्यावर पेनने लिहून घेतली.

शिमगा आला, होम झाला, पालखी निघाली. मी शाळेमुळे रत्नागिरीतच होते. दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये डबा खाता खाता पुरवणीचे साचलेले निरोप उघडले. बारा दिवस मी ते उघडले नव्हते, कारण लोकांच्या फर्माइशींचा मला उबग आला होता. एक निरोप कुठल्याशा थंड देशातल्या गायनमंडळाच्या बाईंचा होता. त्यांच्या तालमी दोन आठवडे लागोपाठ बुधवारी होत्या आणि नव्या आवृत्तीने दोन्ही बुधवार एक करून टाकले होते. अर्धी मंडळी एका आठवड्यात आली आणि उरलेली दुसऱ्यात. मला हसू आलं. डब्यातली भाजी संपवली. डबा धुवायला उठले आणि नळाशी उभी असताना लक्षात आलं की आज तृतीया आहे, आणि कालही तृतीयाच होती.

तिथीची वृद्धी झाली की एकच तिथी दोन दिवस येते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. भावोजींनी कॅलेंडरात बघून यादीत दोन ओळींत दोन तृतीया लिहिल्या होत्या, पहिल्या तृतीयेला वरची वाडी, दुसऱ्या तृतीयेला मधली. आमच्या यादीत तारीख फक्त पहिल्या दिवसाची लिहायची, पुढच्या तारखा पुरवणी एकेक दिवस मोजून घालते. पुरवणीने ओळी दोन्ही ठेवल्या, पण दोन तृतीया मिळून एकच दिवस मोजला आणि तिथून पुढची प्रत्येक तारीख एक दिवस आधीची लागली. खालच्या वाडीची सुद्धा.

मी भावोजींना फोन लावला. सुदैवाने ते सड्यावर होते. मी म्हटलं, यादी चुकली आहे. ते म्हणाले, काही चुकलेली नाही, पंचमीला खालची वाडी, तसंच लिहिलंय. मी म्हटलं, पंचमी बरोबर आहे, पण तिच्यापुढे तारीख कुठली आहे ते बघा.

"तारीख कोन बगतंय?" ते म्हणाले.

तिथेच सगळं होतं. गावातली माणसं यादीतली तिथी वाचतात, मुंबईतली तारीख. एकच कागद, अर्धा ह्यांनी वाचला, अर्धा त्यांनी. म्हणून चूक कुणालाच दिसली नव्हती. बाकीचे चाकरमानी आठवडाभराच्या रजेवर आलेले, त्यांना एका दिवसाने काही फरक पडणार नव्हता. दीड दिवस घेऊन येणारी एकटीच होती.

तिला फोन लागेना. ड्युटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो. मी दर दहा मिनिटांनी लावत राहिले आणि समोर सातवीची मुलं एकमेकांचे माऊस ओढत होती तरी मला ओरडायचं सुचलं नाही. चार वाजता तिने उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. मग तिने हिशेब मांडला. आज संध्याकाळची बस, उद्या चतुर्थीला पहाटे गावात. परवा पंचमीला रात्री तिची ड्युटी. त्यासाठी दुपारची गाडी पकडायला हवी, म्हणजे साडेदहाला घर सोडायला हवं. पुन्हा ड्युटी बदलायला आता कुणी उरलं नव्हतं.

"काकी, पालखी आमच्याकडे चौदावी येते," ती म्हणाली. "दुपारचे तीन होतात."

येऊ नको असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, तू ये.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि पहिल्या एसटीने गावात गेले. ती माझ्या आधी पोचली होती. दाराची कडी गंजलेली होती ती तिने दगडाने ठोकून काढली होती आणि खळं, म्हणजे पुढचं अंगण, झाडत होती. मी तशीच भावोजींकडे गेले. त्यांना म्हटलं, चूक माझ्या पुरवणीची आहे, घराची नाही, तेव्हा उद्या पालखी आधी तिच्याकडे न्या. भावोजी रागावले नाहीत. पडवीत बसून सुपारी कातरत राहिले.

"क्रम मी मोडायचो नाय," ते म्हणाले. "मान ज्येंचा हाय त्येंनी सोडला तर सोडला. तू जाऊन इचार."

तिच्या आधी तेरा घरं होती. खालची वाडी नावाप्रमाणे खाली आहे, दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरत जायची आणि प्रत्येक घर दोन-चार पायऱ्या बाजूला. पहिल्या दोन-तीन घरी मी नीट समजावून सांगायला गेले. परदेशातल्या त्या गृहस्थाने काय सुधारणा केली, मी ती का स्वीकारली, दोन तृतीया कशा एक झाल्या. लोक शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, म्हणजे काय झालं? चौथ्या घरापासून मी ते सगळं टाकून दिलं. माझ्याकडून चूक झाली, तिला साडेदहाला निघायचं आहे, उद्या तुमचा मान तिला द्याल का, एवढंच विचारायचे. चार महिने मी ज्या माहितीपुस्तिकांना शिव्या घातल्या त्यांनी असं लिहायला हवं होतं.

लोक देत होते. एका घरी मला आधी कोकम सरबत प्यायला लावलं आणि मग होय म्हणाले. एका घरच्या बाईंनी विचारलं की पुढच्या वर्षी यादी वहीत लिहिणार की पुन्हा तुझ्या कॉम्प्युटरवर? एका घरी दोन भाऊ आपापसात भांडले, मोठा देऊ म्हणाला, धाकटा का म्हणून म्हणाला, आणि आत बसलेल्या त्यांच्या आईने बाहेर येऊन निकाल लावला. तेरापैकी बारा घरांनी मान सोडला. मला वाटत होतं की दुपारपर्यंत माझा आवाज बसेल. आवाज ठीक राहिला, गुडघे गेले.

राहिलं होतं पहिलं घर. तिथे ऐंशी पार केलेले एक आजोबा राहतात आणि त्यांचा राग माझ्यापेक्षा वरचढ आहे. मी मुद्दामच त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी गेले. त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"पयला मान सोडायचो नाय," ते म्हणाले. "माझ्या आज्यापासून पालखी पयली हितं येतंय. हितनं पुढं तुमी कुठं पन न्या."

मी त्यांच्या पायरीवरच बसले. दरवर्षी पालखी त्यांच्या अंगणात तासभर अडकते हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांना गुरवाकडून देवीला गाऱ्हाणं दोनदा घालून हवं असतं, नातवंडं-पतवंडं एकेक करून पाया पडवून हवी असतात, आणि नारळ सापडत नाही म्हणून घरात शोधाशोध चालते. पण त्यापुढे काही बोलणं मला शक्य नव्हतं. मी तिला जाऊन सांगितलं की तू उद्या दुसरी. वेळ पुरेल की नाही हे मी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. दोघींनी मिळून दाराला तोरण बांधलं.

पंचमीला सकाळी नऊच्या सुमारास ढोल-ताशा पाखाडीच्या वरच्या टोकाला ऐकू आला. रिक्षावाल्याला आम्ही सव्वादहाला बोलावून ठेवलं होतं. मी पहिल्या घरासमोर जाऊन उभी राहिले, कारण तिच्या दारात उभं राहून वाट बघणं मला सहन होईना. पालखी अंगणात आली. आजोबा बाहेर आले. नारळ त्यांच्या हातात होता. नातवंडं-पतवंडं तुळशीपाशी ओळीत उभी होती, सगळ्यांनी एकदमच नमस्कार केला. गुरवाने एकदा गाऱ्हाणं घातलं आणि सवयीने दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा आजोबांनी हात वर केला.

"बास झाला. फुडं चला, पोरीची गाडी हाय."

पाव तासही झाला नव्हता. मी लोकांना वाट करून देण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. खळ्यात रांगोळी होती, आणि ती वडिलांच्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याच्या डाव्या हाताला उभी होती. पालखी नाचली. तिने ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाण्यात तिच्या वडिलांच्या घराचं नाव घेतलं आणि हे दार असंच उघडं राहू दे म्हणाला, तेव्हा वाडीतली सगळी माणसं एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणाली. ज्यांनी घर काढा म्हटलं होतं तीही त्यात होती. मुलगी रडत होती आणि हसतही होती. मी नुसतीच रडत होते. इतकं बरं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

सव्वादहाला रिक्षा आली. तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. गणपतीत येईन, म्हणाली. पालखी तोवर तिसऱ्या घरी गेली होती, म्हणजे मानाच्या क्रमाने खरं तर दुसऱ्या.

दुपारी जेवणं झाल्यावर मी भावोजींना म्हटलं की पुढच्या वर्षापासून तुम्ही आपली वहीच वापरा, माझी पुरवणी मी बंद करते. मला ते मनापासून वाटत होतं. तेवढ्या निरोपांना उत्तरं द्यायची नाहीत, गावाला तोंड दाखवताना भीती नाही. भावोजींनी यादी समोर ओढली, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"बंद कशाला करतंस?" ते म्हणाले. "सुतकाच्या खाली आजून येक खन कर. ड्युटी म्हनून. ज्येला आसंल त्येचा घर आदी."

मानकऱ्यांना विचारायला नको का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बारा घरांनी काल होय म्हटलंय, आणि तेराव्याने आज.

त्याच आठवड्यात मी दोन दिवस एक करण्याची ती सुधारणा काढून टाकली. ज्याने पाठवली होती त्याला लिहिलं की तुमचं काही चुकलं नाही, पण आमच्याकडे एकच दिवस कधी कधी दोनदा येतो. त्याचं उत्तर आलं की हे वाचून त्याचा तो दिवस छान गेला. गायनमंडळाच्या बाईंचे आभार मानले. नवा खण घातला, आवृत्ती बांधली आणि तपासायला पाठवली. तपासायला पुन्हा तोच टोपणनावाचा स्वयंसेवक आला. ह्या वेळी मी शहाणी झाले होते, ड्युटी म्हणजे काय आणि त्यामुळे देव आधी का येतो ह्याचे तीन परिच्छेद आधीच लिहून तयार ठेवले होते. त्याने काहीच विचारलं नाही. तासाभरात मंजूर केली.